सकाळी पेशंट, संध्याकाळी गिऱ्हाईक

४ मे

दादा,

नमस्कार करते. तू घेणार नाहीस, तरी करते. तो तुझ्या दारात पडून राहील, उचलायचा की नाही ते तू बघ.

आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून मी परक्या माणसांची बोलणी जोडून दिली, आणि माझा सख्खा भाऊ सहा महिने माझा फोन उचलत नाही. म्हणून पत्र. फाडलंस तर फाड, पण मला ओळखतोस तू. मी दुसरं लिहीन.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. मी तुझ्यावर चिडलेय. आज हॉस्पिटलच्या कोमट पाण्याच्या हौदाबाहेर नोटीस लागली. स्पर्धा आयोगाकडे तक्रार, आणि तक्रार करणाऱ्याच्या जागी ठळक अक्षरांत तुझ्या पोहण्याच्या तलावाचं नाव. संध्याकाळी पोहणारा आमचा सगळा कंपू टॉवेल खांद्यावर टाकून ती वाचत उभा होता. आमच्यातल्या कंडक्टरने मोठ्याने वाचली. शेवटच्या ओळीनंतर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तो तलाव माझ्या भावाचा आहे हे मीच कौतुकाने सगळ्यांना सांगितलेलं.

तुझं म्हणणं मला कळलं. हॉस्पिटल लोकांच्या करातून पाणी कोमट ठेवतं, सकाळी त्यात पेशंटना व्यायाम देतं, ते ठीक. पण संध्याकाळी तेच पाणी वाटेल त्याला निम्म्या तिकिटात पोहायला देतं, मग तुझ्याकडे कोण येणार? आणि हॉस्पिटलचा वकील म्हणतो, आम्ही आरोग्य खातं, दुकान नव्हे. हा स्पर्धेचा कायदा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आम्हाला तो लागूच होत नाही. आता हॉस्पिटल हा धंदा आहे की नाही हे आयोग ठरवणार. एवढी शिकलेली माणसं, आणि भांडण आमच्या गुडघाभर पाण्याचं.

पण तुझं खरं दुखणं मला माहीत आहे. तो वर्तमानपत्रातला माझा फोटो. लाल टोपी, बत्तीशी बाहेर, आणि खाली छापलेलं, ‘या पाण्याने मला माझे पाय परत दिले.’ वाक्य माझंच आहे, मी कशाला नाकारू? तू मात्र ते असं वाचलंस, की भावाचा तलाव हाकेच्या अंतरावर असताना बहीण सरकारी पाण्यात जाऊन बसली. अरे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कोमट पाणी सांगितलं होतं. तुझ्या पाण्यात पाय घातला की माणसाला सगळे देव एकदम आठवतात. शिवाय तुझ्या पायऱ्यांना कठडा नाही. मी काय धरून उतरणार होते, तुझा अभिमान?

बघ, बोलता बोलता जास्त बोलले. पण खोडत नाही.

तुझी धाकटी

१९ मे

दादा,

उत्तर नाही म्हणजे पत्र मिळालं. नसतं मिळालं तर वहिनीने ‘काय लिहिलंस गं त्यांना?’ म्हणून फोन केला नसता.

इकडे मज्जा चालली आहे. हॉस्पिटलच्या वकिलाने सल्ला दिला, की आपण धंदा करत नाही हे सिद्ध करायचं तर इथे कोणी गिऱ्हाईक दिसताच कामा नये. झालं. दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर ‘नोंदणी कक्ष’ अशी पाटी. पोहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर पेशंटचा पट्टा, अंगात मागून नाडी बांधायचा हॉस्पिटलचा झगा, तोंडात थर्मामीटर. केसपेपरशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

एक कॉलेजचा धट्टाकट्टा मुलगा पहिल्यांदाच आला होता. त्याला विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, काही होत नाही, पोहायचंय. नोंदणीवालीने केसपेपरवर तसंच लिहिलं, ‘काही होत नाही, पोहावंसं वाटतं.’ कंडक्टरची तर कमाल. तुला सांगितलं नाही बहुतेक, हे गृहस्थ बसमधून निवृत्त झाले पण बस त्यांच्यातून उतरलेली नाही. पायऱ्यांवर कोणी थांबलं की ‘पुढे सरका, आत जागा आहे’ सुरू. परवा ते पाण्यातून बाहेर आले, पट्टा बघून वॉर्डबॉयने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि ओल्या चड्डीनिशी थेट एक्स-रेला नेलं. हे म्हणे वाटेत प्रत्येक वळणावर ‘पुढचा स्टॉप कुठला?’ विचारत होते. छातीचा एक्स-रे काढूनच परत आले. छाती उत्तम आहे, ते सगळ्यांना फिल्म दाखवत फिरताहेत.

आमच्या व्यायामवाल्या बाईंना मात्र हे अजिबात पसंत नाही. त्यांना आम्ही हवालदार म्हणतो, कारण गळ्यात शिटी आणि नजर करडी. त्या म्हणाल्या, खऱ्या पेशंटला मी सहा महिने घासून माणसात आणते, आणि ही माणसं चांगल्या माणसांना पेशंट करताहेत.

आता मुद्द्याचं. मंगळवारी संध्याकाळी रांगेत माझ्यापुढे दोन माणसं सोडून एक गृहस्थ उभे होते. काळा चष्मा. नोंदणीवालीने नाव विचारलं तर त्यांनी आपल्या गणिताच्या मास्तरांचं नाव सांगितलं. दादा, जगातल्या सगळ्या नावांत तुला तेच सुचलं? ज्यांनी तुला बाकावर उभं केलं त्यांचं?

मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि गंमत बघत राहिले. पुरावा गोळा करायला आला होतास हे उघड होतं, भिंतीवरचे दर टिपून घेत होतास. मग तुझ्याही अंगात झगा घातला त्यांनी. रक्तदाब बघितला, तो वाढलेला निघाला, चोराचा वाढणारच. हौदाकडे चालताना तुझ्या झग्याची मागची नाडी सुटली. दोन बायका हसायला लागल्या. मागून कोणीतरी ती घट्ट बांधली, आठवतंय? तू ‘थँक यू सिस्टर’ म्हणालास आणि वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. ती सिस्टर नव्हती. म्हणजे होती, पण नर्स नव्हती.

आणि मग तू पाण्यात उतरलास. मी लांबून बघत होते. आधी भुवया खाली आल्या, मग खांदे. दर टिपणारा माणूस कडेला डोकं टेकून डोळे मिटून पडला होता, आणि हवालदारांनी शिटी मारली तेव्हा कुठे भानावर आला. इतकं निवांत तुला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. आणि रागही आला, की हे एवढं छान आहे हे कळूनही तू तक्रार मागे घेणार नाहीस.

तुझी धाकटी

७ जून

दादा,

वहिनी येऊन गेली. तुला न सांगता आली होती, आणि मी आता लिहून सांगतेय, म्हणजे आमची दोघींची कंबख्ती. असू दे.

ती रडली नाही. वहिनी रडत नाही, भांडी जोरात ठेवते. माझ्याकडे तिने कप असा ठेवला की बशीला तडा गेला. मग म्हणाली, आयोगाने हॉस्पिटलच्या बाजूने निकाल दिला तर तलाव विकावा लागेल. घेणारा तयार आहे. तो तलाव बुजवून वर गाड्या उभ्या करणार आहे. माणसं सगळी गेली, एक पोहायला शिकवणारा आणि एक तिकिटावरची बाई उरलीय, आणि पहाटे जाळी घेऊन पाला तू स्वतः काढतोस. मला यातलं काही माहीत नव्हतं. तू सांगणार कसं, फोन बंद.

दादा, तू नोकरीवर लाथ मारून तो तलाव बांधायला घेतलास तेव्हा अख्ख्या घराने तुला वेड्यात काढलं होतं. मी काढलं नव्हतं. तलाव बांधून झाला तेव्हा रिकाम्या तळाशी आपण दोघं सतरंजी टाकून डबा खाल्ला होता, आणि तू म्हणालास, उद्यापासून इथे बसायचं तर श्वास कोंडून बसावं लागेल. तिथे गाड्या उभ्या राहणार हे मला सहन होत नाही.

आणि दुसरीकडे काय, ते ऐक. हॉस्पिटलच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलंय. फोटोतली बाई म्हणजे मी. त्याला एवढंच हवंय की मी म्हणावं, गुडघा अजून दुखतो, संध्याकाळचं पाणी हासुद्धा उपचारच आहे. म्हणजे मग हॉस्पिटल दुकान नाही, आणि कायदा आल्या पावली परत. ‘थोडं लंगडत आलात तर उत्तम’ असंही म्हणाला. मी म्हटलं, नाटकात काम करायचं माझं वय गेलं.

मी पेशंट म्हटलं तर तुझा तलाव बुजणार. मी गिऱ्हाईक म्हटलं तर आमची संध्याकाळ जाणार. आणि ती संध्याकाळ म्हणजे काय हे तुला कसं सांगू? आमचे हे म्हणतात, तू हौदावरून येतेस तेव्हा जिन्यातूनच गाणं ऐकू येतं. आमच्या कंपूतल्या शिंपीणबाईंनी नवरा गेल्यावर वर्षभर घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आता त्या आम्हा सगळ्यांना टोप्या शिवून देतात, आणि कोणाची टोपी कोणाला गेली यावरून भांडतातही. हे सगळं माझ्या एका शब्दावर जाणार.

हवालदारांना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, तुमचा गुडघा ऑक्टोबरातच बरा झाला, मला माहीत आहे. पुढे काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढं बोलून त्यांनी शिटी तोंडात धरली, म्हणजे आणखी विचारायची सोय नाही.

तू म्हणशील, बाईने दोन्ही डगरींवर हात ठेवलेत. ठेवलेत. दोन्हीही मला प्यारे आहेत, म्हणून ठेवलेत.

धाकटी

२३ जून

दादा,

काल तू सुनावणीला मागच्या बाकावर होतास. सगळं ऐकलंस. पण तुला फक्त माझी पाठ दिसत होती, म्हणून पुढची बाजू लिहिते.

सकाळपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. आरशासमोर एकदा लंगडूनही पाहिलं. आमचे हे म्हणाले, डावा की उजवा ते आधी नक्की कर. मी रागाने निघाले. आयोगाच्या इमारतीत लिफ्ट बंद होती आणि सुनावणी तिसऱ्या मजल्यावर. मी माझ्या तंद्रीत, ‘काय बोलू, काय बोलू’ करत वर गेले. आयोगाच्या अध्यक्षबाई माझ्या मागून आल्या. सर्दीने बेजार, हातात रुमाल, आणि प्रत्येक वळणावर थांबत होत्या. मी त्यांना हात दिला. त्या कोण हे मला काय माहीत?

मग आत जाऊन पाहते तर त्याच मधल्या खुर्चीत बसलेल्या. हॉस्पिटलच्या वकिलाने कशी सुरुवात केली ते तू ऐकलंस. या वयस्कर भगिनी, यांच्या वेदना, वगैरे. अध्यक्षबाई नाक पुसत ऐकत होत्या. मग त्यांनी कागद बाजूला सारले आणि मला विचारलं, “आज लिफ्ट बंद आहे. तुम्ही वर कशा आलात?”

तेव्हा मला हसू आलं, दादा. ते तुला दिसलं नाही, पण मी हसले. काय बोलायचं ते मी जिन्यावरच बोलून बसले होते.

“जिन्याने,” मी म्हटलं. “तुमच्या आधी.”

हशा पिकला तो तू ऐकलासच. त्या म्हणाल्या, मग आता नीट सांगा, हौदावर तुम्ही पेशंट म्हणून येता की गिऱ्हाईक म्हणून?

“पाय वाकत नव्हता तोवर सकाळी यायचे. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पैसे कोणी मागितले नाहीत, आणि बरं होण्याशिवाय मला दुसरं काही नको होतं. तेव्हा मी पेशंट होते. आता संध्याकाळी तिकीट काढून येते, मजा वाटते म्हणून येते. आता मी गिऱ्हाईक.”

वकिलाचं पेन खाली पडलं. मी हे तुझ्यासाठी बोलले असं समजू नकोस. तुझ्यासाठी बोलायचं म्हणून आले असते तर जीभ अडखळली असती. खरं तेच ते होतं, आणि मी ते मजेत सांगितलं. बाहेर आल्यावर मात्र कंडक्टर दिसले आणि वाटलं, यांना आता काय तोंड दाखवू? तर ते म्हणाले, बाई, विनातिकीट कोणी प्रवास केला की मला झोप येत नाही, बरं झालं खरं बोललात.

तू निघून गेलास. मी जिन्यात थोडा वेळ थांबले होते. असो.

धाकटी

५ ऑगस्ट

दादा,

निकाल लागला. तुझ्याकडे प्रत आली असेल, पण तू ती वकिलांच्या भाषेत वाचली असशील, म्हणून मी माणसांच्या भाषेत सांगते. सकाळचा हौद हा धंदा नाही. तो आजाऱ्याला फुकट मिळतो, सगळ्यांच्या करातून चालतो, तिथे नफा कमवायचा प्रश्नच येत नाही, तेव्हा स्पर्धेचा कायदा त्याच्या वाटेला जाणार नाही. संध्याकाळचा हौद हा धंदा आहे. येईल त्याला तिकीट विकायचं, हे तुझा तलाव करतो तेच काम, आणि ते करताना दारावर हॉस्पिटलची पाटी आहे की आणखी कसली याला महत्त्व नाही. एकच संस्था, पण काय काम चाललंय ते बघून ठरवायचं. संध्याकाळी पोहायला द्यायचं तर खर्च भरून निघेल असा दर लावा, नाहीतर बंद करा.

गंमत म्हणजे दोन्ही वकिलांना आपणच जिंकलो असं वाटतंय. दोघांनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर चहा पाजला. हॉस्पिटलवाले सकाळ वाचली म्हणून, तुमचे वकील संध्याकाळ गेली म्हणून. आम्ही दोन्हीकडे प्यायलो.

हॉस्पिटलने हिशोब केला आणि संध्याकाळ बंद केली. महिनाअखेर शेवटचा दिवस. शिंपीणबाईंनी ऐकल्यापासून सुईला हात लावलेला नाही, ते मला बघवत नाही.

तेव्हा आता कामाचं बोलू. आम्ही एकोणीस गिऱ्हाईकं आहोत. रोज संध्याकाळी, पूर्ण तिकीट देऊन. हवालदारसुद्धा येणार आहेत, ड्यूटी संपवून, आपल्या पैशाने. पण पाणी कोमट हवं आणि पायऱ्यांना कठडा हवा. दिवस एक सप्टेंबर. आणि हॉस्पिटलची संध्याकाळ मिटली म्हणून आता या कुठे जाणार, असं मनात आणू नकोस. स्टेशनपलीकडे तिसरा एक तलाव आहे. तिथले मालक फोन उचलतात, मी विचारून ठेवलंय. स्पर्धा हवी होती ना तुला? घे.

बाकी सर्व कुशल. वहिनीला सांग, बशी नवीन आणलीय.

तुझी बहीण आणि होऊ घातलेली गिऱ्हाईक

२ सप्टेंबर

दादा,

आता आपण बोलतो, तरी हे पत्र. काही गोष्टी तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

कठडा पाहिला. दोन्ही बाजूंना लावलास, मी एकच मागितला होता. पाण्यात पाय घातला आणि एकही देव आठवला नाही. कंडक्टर पायऱ्यांवर उभे राहून ‘पुढे सरका, आत भरपूर जागा आहे’ ओरडत होते आणि खरंच भरपूर जागा होती. शिंपीणबाईंनी तुझ्या तिकिटावरच्या बाईंचं डोक्याचं माप घेतलं, म्हणजे टोपी येणार. इतकं हसणं तुझ्या तलावावर कधी झालं होतं? वहिनी म्हणाली, फार वर्षांपूर्वी. मला आतून इतकं भरून आलं की पाण्यात होते ते बरं, डोळे कशाने ओले ते कोणाला कळलं नाही.

पण हे सगळं तू पाहिलंस. न पाहिलेलं वेगळं आहे.

काल दारापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत चालत येताना मी मनात भाषण जुळवत होते. दहा महिन्यांचं साठलेलं होतं. आधी दोन टोमणे, मग थोडं रडणं, मग ‘जाऊ दे झालं’. मागे अठरा माणसं रांगेत उभी, वहिनी दारात, आणि खिडकीत तिकिटावरची बाई नाही, तू. मान खाली घालून तिकिटं फाडत होतास. मी नोट सरकवली. तू नोटेकडे पाहिलंस आणि म्हणालास, “सुटे आहेत का?”

ते ‘थँक यू सिस्टर’ सोडलं, तर दहा महिन्यांनी सख्ख्या भावाच्या तोंडचा पहिला शब्द. मी सगळं भाषण विसरले. “नाहीत,” म्हटलं.

तेव्हा तू वर पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग नोट माझ्याकडे परत सरकवलीस, वर तिकीट ठेवलंस आणि म्हणालास, “मग उद्या दे.”

फुकट सोडलं नाहीस, फार बरं केलंस. फुकट सोडलं असतंस तर मी आज आले नसते.

दादा, सुटे होते. पाकिटात खुळखुळत होते, मी वरून हात दाबून धरला होता. उद्याही नसतील.

तुझी
धाकटी